स्लॅब पडायच्या आधी: घराच्या वायरिंगची सर्किटं आणि त्यांचं संरक्षण कसं आखावं

नवं घर बांधताना फरशीचा रंग ठरायला आठवडे जातात आणि वायरिंग एका संध्याकाळी उरकतं. वायरमन येतो, खोल्यांतून फिरतो, इथं बोर्ड, इथं टीव्ही, इथं गीझर अशा खुणा भिंतीवर मारतो आणि दुसऱ्या दिवशी झिरी मारायला सुरुवात होते. या खुणा फक्त पॉइंटच्या असतात. कुठला पॉइंट कुठल्या सर्किटवर (म्हणजे मुख्य पेटीतून निघणाऱ्या कुठल्या लाइनवर), त्या सर्किटला किती जाडीची वायर आणि तिच्यावर कितीचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच), हे बहुतेक घरांत कुणी लिहून काढलेलं नसतं. पुढं वीस-पंचवीस वर्षं त्या न लिहिलेल्या आराखड्यावर घर चालतं.

हा आराखडा घरमालकाला स्वतःला करता येतो. वायर ओढणं, जोडणं आणि टेस्ट रिपोर्ट देणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे आणि ते त्याच्याकडूनच करून घ्यायचं. नव्या कनेक्शनसाठी महावितरणला तो रिपोर्ट लागतोच. पण घरात कोण कधी काय लावतं, पुढच्या पाच वर्षांत काय येणार आहे, हे ठेकेदाराला कसं कळणार? ते आपणच सांगायचं असतं.

कोल्हापुरात पाचगाव, कळंबा, फुलेवाडी या बाजूला सध्या जशी दुमजली घरं उभी राहतात, तसं एक घर डोळ्यांसमोर ठेवू. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम, बाथरूम. वर दोन बेडरूम, बाथरूम, गॅलरी. अंगणात बोअर, गच्चीवर टाकी.

आधी लोडची यादी

वही घ्या आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या मागच्या पट्टीवरचे वॅट लिहून काढा. आपल्या घराची यादी साधारण अशी होईल: दोन गीझर प्रत्येकी २००० वॅट, दीड टनाचा एक एसी सुमारे १७००, इंडक्शन शेगडी २०००, मायक्रोवेव्ह १२००, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन २०००, एक एचपीची घरघंटी सुमारे १०००, एक एचपीची बोअरची मोटर सुमारे ११००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०, इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर ७५०, फ्रिज २००, आणि दिवे, पंखे, टीव्ही, कॉम्प्युटर मिळून १०००. बेरीज १६,७०० वॅट.

हे सगळं एकाच वेळी कधीच चालत नाही, म्हणून दुसरा आकडा काढायचा: घरातल्या सगळ्यात गर्दीच्या वेळेचा. आपल्याकडे ती वेळ सकाळी साडेसहा ते आठ. दोन्ही बाथरूममध्ये गीझर, शेगडीवर दूध, मिक्सरमध्ये चटणी, टाकी भरायला मोटर, शिवाय फ्रिज आणि दिवे. ४००० अधिक २००० अधिक ७५० अधिक ११०० अधिक २०० अधिक ५०० म्हणजे ८५५० वॅट. भागिले २३० व्होल्ट, सुमारे ३७ अँपिअर.

सिंगल फेजच्या मेन लाइनवर ३७ अँपिअर रोज सकाळी खेचायचे म्हणजे फारच ताणलेला हिशोब झाला. अशा घराला थ्री फेज कनेक्शन घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. दोन्ही गीझर एका वेळी लावायचे नाहीत अशी घरात शिस्त असेल, किंवा पाणी सोलरवर तापत असेल, तर आकडा २८-२९ अँपिअरवर किंवा त्याच्याही खाली येतो आणि सिंगल फेज पुरतो. पण सोलरच्या टाकीतली बॅकअपची कॉइल विसरू नका. जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा तीच चालू होते, आणि तिचा लोडही गीझरइतकाच असतो.

थ्री फेज घेतलं तर सर्किटं तिन्ही फेजवर वाटायची. एक गीझर एका फेजवर, दुसरा दुसऱ्या, शेगडी तिसऱ्या. सगळं जड सामान एकाच फेजवर आणि बाकी दोन फेजवर नुसते दिवे असले, तर थ्री फेजचा उपयोग शून्य.

सर्किटं पाडताना

राष्ट्रीय विद्युत संहितेतला जुना, पण आजही उपयोगी नियम असा: दिवे, पंखे आणि ६ अँपिअरचे सॉकेट मिळून एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि लोड ८०० वॅटच्या वर नको. पॉवर सर्किटवर दोनच १६ अँपिअरचे सॉकेट आणि ३००० वॅटची मर्यादा. एलईडीच्या जमान्यात ८०० वॅट कधी भरत नाहीत, पण दहा पॉइंटची मर्यादा पाळा. कारण लोडचं नाही, बिघाड शोधण्याचं आहे. एका सर्किटवर पंचवीस पॉइंट असले की एका ओल्या जंक्शन बॉक्ससाठी अर्धं घर उघडावं लागतं.

दुसरी गोष्ट, एका खोलीचे दिवे आणि त्याच खोलीतले सॉकेट एका सर्किटवर ठेवू नका. इस्त्रीची वायर जळून एमसीबी पडला, तर निदान दिवा चालू राहिला पाहिजे. जिन्याचा दिवा खालच्या मजल्याच्या सर्किटवर आणि जिन्याच्या तोंडाशी असलेला पॅसेजचा दिवा वरच्या सर्किटवर, अशी अदलाबदल केली की कुठलाही मजला पूर्ण अंधारात जात नाही.

स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त विचार द्या. ओट्यावर एकच १६ चा आणि दोन ६ चे सॉकेट देऊन मोकळं होण्याची जी पद्धत आहे, तिच्यामुळंच मल्टिप्लगची माळ लागते आणि ती माळच जळते. ओट्याच्या सॉकेटना दोन वेगळी सर्किटं हवीत: एक इंडक्शनसाठी, दुसरं मिक्सर आणि मायक्रोवेव्हसाठी. फ्रिजला स्वतःचं तिसरं सर्किट. घरघंटी लोक जिन्याखाली किंवा युटिलिटीत ठेवतात. तिची मोटर सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट घेते, म्हणून तिलाही वेगळी लाइन. पाणी शुद्ध करणारं यंत्र, चिमणी हे हलके लोड आहेत, त्यांना ६ चे सॉकेट पुरतात. सॉकेट सिंकच्या थेट वर आणि शेगडीच्या थेट मागं येणार नाहीत हे ओट्याचा नकाशा हातात घेऊन बघा, कारण ओटा बसल्यावर सॉकेट हलत नाही.

प्रत्येक गीझरला, प्रत्येक एसीला, मोटरला आणि वॉशिंग मशीनला स्वतंत्र सर्किट. दुसरा एसी आज घेणार नसलात तरी त्याचा पाइप आणि वायर आत्ताच टाका. गीझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच, आणि तो बाथरूमच्या बाहेर. शॉवरच्या आसपास, हात पोचेल अशा अंतरावर, कुठलंही सॉकेट नको.

बाहेरचे पॉइंट बहुतेक जण विसरतात. गॅलरीत आकाशकंदिलाचा, दारात गणपतीच्या आणि दिवाळीच्या माळांचा, गेटजवळ दिव्याचा, पार्किंगमध्ये स्कूटरचा. हे पॉइंट दिले नाहीत तर सणाला खिडकीतून वायर बाहेर येते आणि त्यावर खिडकी मिटते. बाहेरच्या सगळ्या पॉइंटना एक वेगळं सर्किट, झाकणाचे पावसाळी बॉक्स आणि स्वतंत्र संरक्षण.

मोजलं तर आपल्या घराची सर्किटं तेरा-चौदा होतात. डीबीत, म्हणजे सगळे एमसीबी बसतात त्या पेटीत, त्याशिवाय तीन-चार जागा मोकळ्या सोडा. गच्चीवर सोलर पॅनल येणार असतील तर त्याचा पाइपही गच्चीपासून मीटरपर्यंत आत्ताच टाकून ठेवा.

आधी वायर, मग एमसीबी

एमसीबी वायरला वाचवतो. उपकरणाला नाही आणि माणसालाही नाही. वायर किती करंट फार गरम न होता वाहू शकते ते आधी ठरतं आणि एमसीबी त्याच्या आत बसतो. म्हणजे उपकरणाचा करंट सगळ्यात लहान, एमसीबीचा आकडा मधला, वायरची क्षमता सगळ्यात मोठी. हा क्रम कुठंही उलटला की सर्किट चुकलं.

भिंतीतल्या पाइपमधून जाणाऱ्या तांब्याच्या पीव्हीसी वायरसाठी, आपल्याकडचा उन्हाळा धरून, मी हे आकडे वापरतो:

१.५ चौरस मिलिमीटर: दिवे, पंखे, ६ चे सॉकेट. एमसीबी ६ किंवा १० अँपिअर.
२.५ चौरस मिलिमीटर: १६ चे सॉकेट, फ्रिज, मोटर, घरघंटी. एमसीबी १६.
४ चौरस मिलिमीटर: गीझर, एसी. एमसीबी १६ किंवा २०.
६ चौरस मिलिमीटर: वरच्या मजल्याच्या डीबीची लाइन. एमसीबी ३२.
१० चौरस मिलिमीटर: सिंगल फेजची मेन लाइन. एमसीबी ४०.

दोन हजार वॅटचा गीझर जेमतेम ८.७ अँपिअर घेतो, मग ४ ची वायर कशाला, असं विचारलं जातं. गीझर सलग तासभर चालतो, आणि उद्या कुणी तिथं ३००० चा इन्स्टंट गीझर बसवला तर तो १३ अँपिअर घेईल. भिंत पुन्हा फोडण्यापेक्षा वायरमधला फरक फारच स्वस्त. मात्र १६ अँपिअरचा सॉकेट असेल तिथं वायर कितीही जाड असो, एमसीबी १६ च्या वर नको, कारण मग सगळ्यात दुबळा भाग सॉकेट असतो.

आता ज्याच्यामुळं घरं जळतात ते वाक्य. मिक्सर आणि शेगडी एकाच लाइनवर लागली, एमसीबी दोन-चारदा पडला, की वायरमन म्हणतो, "दादा, सोळाचा सारखा पडतोय, बत्तीसचा टाकू का? कटकट मिटंल." कटकट मिटते, पण भिंतीत काय होतं ते बघा. प्रमाणित एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट करंटला एक तास पडायचा नाही, आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडला पाहिजे, अशी त्याची रचना असते. म्हणजे बत्तीसचा एमसीबी ३६ अँपिअर तासभर आरामात जाऊ देतो आणि ४६ अँपिअरलाही तोडायला तासभर लावू शकतो. वायर मात्र २.५ चीच आहे, पाइपमध्ये तिची ताकद जेमतेम वीस-बावीस. तिचं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअससाठी बनवलेलं. ते आतून कडक होतं, तडकतं, आणि वर पेंट केलेली भिंत तशीच छान दिसत राहते. एमसीबी सारखा पडत असेल तर सर्किट दोन करा. आकडा वाढवू नका.

एमसीबीवर आकड्याच्या आधी बी किंवा सी हे अक्षर असतं. बी प्रकार आकड्याच्या ३ ते ५ पट करंटला क्षणात तुटतो, सी प्रकार ५ ते १० पटीला. दिवे, गीझर, इस्त्री यांना बी चालतो. मोटर, घरघंटी, एसी, फ्रिज यांच्या सुरुवातीच्या धक्क्यासाठी सी लागतो. दुकानात बहुतेक वेळा सरसकट सीच हातात ठेवतात, तेव्हा यादी घेऊन जा.

लांबीचाही हिशोब असतो. २.५ ची वायर दर मीटरला, दर अँपिअरला सुमारे १८ मिलिव्होल्ट खाते. डीबीपासून २० मीटरवर १६ अँपिअर घेतले तर पावणेसहा व्होल्ट गेले, म्हणजे अडीच टक्के. हे चालतं. पण बोअर परड्यात ६० मीटरवर असेल तर तिथं २.५ नको, ४ किंवा ६ टाका. नाहीतर सुरू होताना मोटर घरघरत बसते आणि वाइंडिंग जळतं.

वायर आयएस ६९४ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलीच घ्या. फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. हे रंग घरभर न बदलता पाळायला लावा. लाल संपली म्हणून काळीच फेजला वापरली, असं एकाही बोर्डात होऊ देऊ नका. पुढं त्या बोर्डाला हात लावणारा माणूस काळ्या रंगावर विश्वास ठेवणार आहे.

माणसासाठी आरसीसीबी

फेजच्या वायरीतून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत आला पाहिजे. तो कमी परत आला तर उरलेला कुठंतरी गळतोय: ओल्या भिंतीतून, गीझरच्या कॉइलमधून, नाहीतर माणसाच्या अंगातून. आरसीसीबी हा फरक सतत मोजतो आणि तो वाढला की लाइन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. पूर्ण ३० मिलिअँपिअरला तो ०.३ सेकंदाच्या आत तुटलाच पाहिजे, आणि गळती जास्त असेल तर त्याहून लवकर. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे मिळतात, ते मुख्यतः आगीपासून बचावासाठी. माणसाच्या जिवासाठी ते पुरेसे नाहीत.

"अर्थिंग चांगलं आहे, मग आरसीसीबी कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे बहुतेक घरांचं अर्थिंग म्हणजे अंगणातला स्वतःचा खड्डा. समजा खड्ड्याचा रोध ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा १ ओहम. गीझरची कॉइल फुटली आणि फेज टाकीला लागला, तर करंट २३० भागिले ६ म्हणजे ३८ अँपिअर. सी प्रकारचा सोळाचा एमसीबी क्षणात तुटायला किमान ८० अँपिअर लागतात. ३८ ला तो कित्येक सेकंद, कधी मिनिटभरही थांबतो. तोवर गीझरच्या धातूवर ३८ गुणिले ५, म्हणजे १९० व्होल्ट उभे असतात. नळ सुरू करून कुणी त्याखाली उभं असेल तर तेवढा वेळ कुणाकडं असतो? चांगल्या अर्थिंगनंतरही आरसीसीबी लागतो तो यासाठी.

आरसीसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट ओळखत नाही. त्याच्या जोडीला एमसीबी हवाच, आणि आरसीसीबीचा अँपिअरचा आकडा त्याच्या आधीच्या एमसीबीइतका किंवा मोठा. दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ मिळतो. महाग असतो, पण गीझर, बाहेरचं सर्किट आणि फ्रिज या तिघांना मी तोच देईन.

सगळ्या घराला एकच आरसीसीबी बसवणं ही सर्रास चालणारी पद्धत, आणि लोक नंतर तो काढून टाकतात त्याचं कारणही हेच. कॉम्प्युटर, एलईडी, चार्जर यांच्या फिल्टरमधून थोडी गळती रोजचीच असते. वीस-पंचवीस उपकरणांची मिळून ती दहा मिलिअँपिअरवर गेली की यंत्र काठावर बसतं. त्यात जुलैचा पाऊस, पश्चिमेकडची भिंत ओली, गेटच्या दिव्यात पाणी, आणि रात्री दोनला अख्खं घर अंधारात. मग कुणीतरी आरसीसीबी बाजूला करून थेट जोडणी करून देतं. निदान तीन गट करा: खालचा मजला, वरचा मजला, आणि ओल्या जागा, ज्यात बाथरूम, युटिलिटी, बाहेरचे पॉइंट, मोटर येतील. इन्व्हर्टर तंत्राचं वॉशिंग मशीन किंवा स्कूटरचा चार्जर असेल त्या गटाला ए प्रकारचा आरसीसीबी मागा. साधा 'एसी' प्रकारचा आरसीसीबी (इथं एसी म्हणजे थंड हवेचा एसी नव्हे) अशा उपकरणांची गळती नीट ओळखेलच असं नाही.

दोन आरसीसीबी आले की न्यूट्रलची शिस्त आली. प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल लिंक (न्यूट्रलच्या वायरी जोडायची पट्टी) हवी आणि त्याच्या सर्किटांचे न्यूट्रल त्याच लिंकवर. फेज एका आरसीसीबीचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा असं एका जरी बोर्डात झालं, तर दिवा लावताच दोन्ही तुटतात. नव्या घरात "आरसीसीबीच खराब आहे" अशी तक्रार येते तेव्हा आधी हेच तपासावं.

इन्व्हर्टर बसवताना हीच गडबड सगळ्यात जास्त होते. बॅटरी बसवायला येणारा माणूस वेगळा असतो. तो दिव्यांचे फेज काढून इन्व्हर्टरवर घेतो आणि न्यूट्रल आहे तिथंच सोडतो. म्हणून इन्व्हर्टरवर चालणारे दिवे, पंखे, वायफाय यांचं सर्किट पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, त्याला वेगळी न्यूट्रल लिंक द्या, आणि इन्व्हर्टर कुठं बसणार त्या जागेपर्यंत येण्या-जाण्याच्या वायरी आत्ताच ओढा. इन्व्हर्टरला लाइट देणारं सर्किटही त्याच आरसीसीबीच्या गटातलं असू द्या.

अर्थिंगचा खड्डा

गॅल्व्हनाइज्ड पाइप, ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा, हा आयएस ३०४३ मधला ओळखीचा प्रकार. भोवती मीठ-कोळसा भरायची पद्धत अजून चालते, पण मीठ पावसाबरोबर वाहून जातं आणि जाताना पाइपला गंज देऊन जातं. बेंटोनाइट या चिकणमातीचं मिश्रण भरावं, ते पाणी धरून ठेवतं.

माती बघा. पंचगंगेकाठची काळी माती पावसाळ्यात उत्तम, पण मे महिन्यात ती भेगाळून पाइपपासून सुटते. पन्हाळा, जोतिबाच्या बाजूला जांभा दगड लागतो. तो कोरडा झाला की करंट जिरवत नाही, तिथं एकाऐवजी दोन-तीन खड्डे घेऊन ते जोडावे लागतात. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनं मोजून घ्या, आणि पावसाळ्यात मोजला असेल तर उन्हाळ्यात पुन्हा मोजा, कारण पावसाळ्यातला आकडा नेहमी गोड असतो. पाण्याच्या नळाला अर्थची वायर बांधू देऊ नका. मधे एक प्लॅस्टिकचा तुकडा आला की अर्थिंग संपलं.

अर्थची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत, प्रत्येक धातूच्या बोर्डापर्यंत आणि पंख्याच्या बॉक्सपर्यंत गेली पाहिजे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी पट्टीतून दोनच वायरी फिरवलेल्या दिसतात. तिथं तीन पिनचा सॉकेट बसवला तरी तिसरं भोक रिकामंच. अशा घरात सगळं वायरिंग बदलेपर्यंत निदान मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आजच बसवा. अर्थ नसला तरी माणसाला शॉक बसताना तो तोडतो.

पुराचं पाणी येणाऱ्या घरासाठी

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. २००५, २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं, त्यांनी वायरिंग आखताना त्या वर्षांची भिंतीवरची खूण धरूनच आखावं.

मुख्य डीबी वरच्या मजल्यावर न्या. तळमजल्याची सगळी सर्किटं एका गटात, एका आरसीसीबी आणि एका आयसोलेटरखाली (हातानं लाइन तोडायच्या स्विचखाली) ठेवा, म्हणजे पाणी दारात आलं की वर उभं राहून फक्त तळमजला बंद करता येतो आणि वर दिवे, मोबाइल चार्जिंग चालू राहतं. पाइप जमिनीतून वर चढवू नका, छतातून खाली सोडा. जमिनीतला पाइप पाण्यानं भरतो आणि महिनोन्‌महिने सुकत नाही. सॉकेट जुन्या खुणेच्या वर घेणं जमत नसेल, तर तळमजल्यावर सॉकेट मोजकेच ठेवा.

मेन बंद केला तरी इन्व्हर्टर चालूच राहतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पाणी चढताना तोही बंद करून बॅटरीची वायर काढायची, आणि बॅटरी मुळातच वरच्या मजल्यावर ठेवायची. सोलर पॅनलच्या डीसी वायरी दिवसा कायम चालू असतात, त्या पाण्यात जाणार नाहीत अशा मार्गानं न्यायच्या.

पाणी ओसरल्यावर बुडालेला एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट वाळवून पुन्हा वापरू नका. आत गाळ राहतो, यंत्र अडकतं, आणि गरज पडेल तेव्हा तुटत नाही. वायरी ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रानं) तपासून, प्रत्येक सर्किट किमान १ मेगओहम दाखवत असेल तरच लाइट सुरू करायची.

वळीव आणि न्यूट्रल

एप्रिल-मेच्या वळवात विजेचा कडकडाट झाला की टीव्ही आणि वायफाय जळाल्याच्या तक्रारी सुरू होतात. डीबीत टाइप २ चा एसपीडी, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका अर्थकडं वळवणारं यंत्र, बसवा. त्याच्या वायरी शक्य तितक्या आखूड, अर्ध्या मीटरच्या आत, आणि अर्थिंग चांगलं, तरच तो काम करतो. त्याला एक खिडकी असते, तिचा रंग बदलला की तो बदलायचा.

थ्री फेज घरात मेनचा न्यूट्रल सैल झाला, तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास मिळू शकतात. एका मिनिटात फ्रिज, टीव्ही, चार्जर सगळं जातं. न्यूट्रलची वायर फेजइतकीच जाड ठेवा, न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही टाकू नका, आणि डीबीत व्होल्टेज वाढलं की तोडणारा रिले बसवा.

स्लॅबच्या आदल्या दिवशी

स्लॅबमध्ये जाणारे पाइप आणि पंख्याचे बॉक्स सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट पडायच्या आधी बसतात. तेव्हा आराखडा हातात घेऊन एक-एक पाइप मोजा, आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवा. पाइपच्या आतल्या जागेच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त वायरींनी भरू नका. भरलेल्या पाइपात वायरी एकमेकींना तापवतात. झिरी मारताना कॉलम आणि बीमला छिन्नी लागू देऊ नका, आणि चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारू देऊ नका. प्लास्टर व्हायच्या आधी भिंतींचे फोटो पुन्हा घ्या. पुढं ड्रिल मारताना तेच कामाला येतात.

शेवटचा हप्ता देण्याआधी

ठेकेदारासमोर उभं राहून हे करून घ्या. मेगरनं प्रत्येक सर्किट: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. फेज-न्यूट्रल मोजताना दिवे आणि उपकरणं काढलेली हवीत. न्यूट्रल-अर्थची तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि पावसाळ्यात आरसीसीबी पाडणारा बिघाड नेमका तिथंच असतो. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, त्यामुळं तो खाली केला तरी न्यूट्रलमधली गळती चालूच राहते आणि बिघाड सापडत नाही. सगळ्या सॉकेटना समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडं, न्यूट्रल डावीकडं. प्रत्येक स्विच फेज तोडतो का, हे टेस्टरनं. गीझर आणि शेगडी अर्धा तास चालवा, मग मेन बंद करून डीबीतल्या आणि सॉकेटच्या जोडांना उलटा हात लावून बघा. सैल स्क्रू एमसीबीला दिसत नाही, हाताला गरम लागतो.

डीबीच्या दाराच्या आत तक्ता चिकटवा: सर्किटाचा क्रमांक, कुठल्या जागा, वायरची जाडी, एमसीबीचा आकडा, कुठल्या आरसीसीबीखाली. तक्त्यानुसार एक-एक एमसीबी खाली करून तीच जागा बंद होते का ते घरभर फिरून पाहा.

आरसीसीबीचं टेस्ट बटण फक्त आतली यंत्रणा चालते का ते सांगतं. घरात अर्थिंग नसलं तरी ते बटण काम करतं, म्हणून पहिल्यांदा आरसीसीबी टेस्टर लावून सॉकेटमधून गळती देऊन तपासायला लावा. त्यानंतर दर महिन्याला बटण दाबत जा, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी एकदा नक्की. दाबूनही तो तुटला नाही, तर त्याच दिवशी बदलून घ्या.